आठ तासांची किंमत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तीन-चार वर्षांचे मूल चंचल असावे यात नवल नाही. परंतु काही मुलांचे चांचल्य त्या वयाच्या मानानेही अतिरिक्त असते. ते घरी दिसते तसेच बालवाडीतही दिसते आणि महिनोन् महिने टिकून राहते. सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधीच मूल दुसरीकडे धावते, आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्याला जमत नाही, भर रस्त्यात ते हात सोडवून पळते. वैद्यकशास्त्र या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचांचल्याचा विकार म्हणते. इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले 'एडीएचडी' हे नाव आता मराठीतही रूढ झाले आहे. शेजारीपाजारी मात्र दोनच निदाने चालतात : मूल वाह्यात आहे, किंवा आईने ते लाडावून ठेवले आहे. ही दोन्ही निदाने चुकीची आहेत. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

मग पालकांना प्रशिक्षण कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, प्रशिक्षण ही शिक्षा नव्हे. दृष्टी मंद असलेल्या मुलाच्या आईबापांना जशी काही विशेष कौशल्ये शिकावी लागतात, तशीच ती येथेही शिकावी लागतात. काही सांगण्यापूर्वी मुलाजवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत पाहणे. एका वेळी एकच गोष्ट, थोडक्या शब्दांत सांगणे. ती त्याने केली की तत्क्षणी शाबासकी देणे. बारीकसारीक खोड्यांकडे काणाडोळा करणे, पण ठरलेला नियम आईने, बापाने आणि आजीने सारखाच पाळणे. खेळातून पाळीपाळीने वागण्याची आणि क्षणभर थांबण्याची सवय लावणे. या गोष्टी ऐकायला सोप्या आहेत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्या रोज, न चिडता करणे अत्यंत कठीण असते. म्हणूनच त्या उपदेशाने साधत नाहीत. कोणीतरी सोबत बसून त्यांचा सराव करून घ्यावा लागतो.

या संदर्भात इंग्लंडमधील अनुभव उद्बोधक आहे. साउदम्प्टनचे एडमंड सोनुगा-बार्क, मार्गारेट थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी यांनी 'न्यू फॉरेस्ट' या नावाने ओळखला जाणारा पालक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम तयार केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीन वर्षे वयाची ७८ मुले होती. एका गटातील पालकांच्या घरी खास तयार केलेल्या परिचारिका आठ आठवडे, दर आठवड्यास एक तास जात असत. दुसऱ्या गटाला केवळ धीर आणि सहानुभूती मिळाली. तिसरा गट प्रतीक्षायादीवर राहिला. प्रशिक्षण मिळालेल्या गटातील ५३ टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा झाली आणि मातांच्या मनावरील ताणही हलका झाला. केवळ सहानुभूतीने हे साधले नाही.

यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. हेच प्रशिक्षण पुढे ८९ मुलांच्या बाबतीत नेहमीच्या प्राथमिक आरोग्यसेवेतून, या विषयाच्या तज्ज्ञ नसलेल्या परिचारिकांमार्फत देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलांची लक्षणे कमी झाली नाहीत. कार्यक्रम तोच होता, पण कर्मचाऱ्यांची विशेष तयारी आणि या कामासाठी राखलेली सवड यांत फरक होता. दुसरी एक बाब त्याच संशोधकांना आढळली होती : जिथे आईमध्येच ही लक्षणे तीव्र होती, तिथे प्रशिक्षणाने मुलाला लाभ झाला नाही. विकार आनुवंशिक असल्याने असे वारंवार घडणार, हे उघड आहे. अशा आईला दोष देणे म्हणजे आजाऱ्यालाच आजाराचा जाब विचारणे होय. तिला स्वतःला आधी मदत मिळाली पाहिजे.

या प्रशिक्षणाची थोरवी अवास्तव वाढवण्याचेही कारण नाही. त्यात स्वतः सहभागी नसलेल्या निरीक्षकांनी मुलांना पाहिले, तेव्हा मूळ लक्षणांवरील परिणाम बराच फिका दिसतो, हे २०१३ मधील एकत्रित विश्लेषणाने दाखविले. तथापि पालकांचे वागणे सुधारते आणि मुलाचा आडदांडपणा कमी होतो, एवढे २०१४ मधील विश्लेषणात अशा निरीक्षणांतूनही टिकून राहिले. घरातील मारझोड थांबणे हा लहान लाभ नव्हे.

औषधाचा मार्ग या वयात अधिक अडचणीचा आहे. अमेरिकेत शाळेपूर्वीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मेथिलफेनिडेटचा गुण मोठ्या मुलांपेक्षा कमी आढळला, आणि सुमारे ११ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे बंद करावे लागले. म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी, आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आधी पालक-प्रशिक्षण असा क्रम सांगितला. व्यवहार मात्र वेगळा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली सांगितले की, या विकाराचे निदान झालेल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना औषध मिळत होते. कोणतीही मानसशास्त्रीय सेवा मिळणारी मुले जेमतेम निम्मी होती. गोळी चिठ्ठीवर लिहून देता येते. आठ तास बसणारे माणूस चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

ते माणूस परवडत नाही, असे अर्थखाते म्हणेल. या युक्तिवादाची परीक्षा इंग्लंडमध्येच झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत घरोघर जाऊन दिलेले न्यू फॉरेस्ट प्रशिक्षण आणि पालकांना एकत्र जमवून दिलेले दुसरे एक प्रशिक्षण यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. खर्च मात्र घरी जाणाऱ्या पद्धतीचा कमी निघाला : कुटुंबामागे सुमारे १६०० पौंड, तर गटपद्धतीचा सुमारे २१०० पौंड. समूहाने केलेले काम नेहमी स्वस्तच असते, हा समज येथे खोटा ठरला. घरी जाण्यातला आणखी एक लाभ श्रमिक कुटुंबांना लगेच उमगेल : ज्या आईला रजा म्हणजे बुडालेली मजुरी, तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर बोलावणे म्हणजे तिला वगळणेच होय.

आपल्या देशाचा विचार येथे सुरू होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस विकारांच्या यादीत अतिचांचल्याचाही समावेश आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची योजना आहे. पण विकार ओळखणे म्हणजे उपचार नव्हे. घरापर्यंत पोहोचणारी एक व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला जो विचार रुजविला, तो २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर गेला. परंतु ते काम करणाऱ्या स्त्रीला पगार नव्हे, 'मानधन' दिले जाते. पोषण, वजन, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्यावर आणखी एक प्रशिक्षण-पुस्तिका ठेवली, तर २००४ चाच निष्कर्ष येथे पुन्हा लिहावा लागेल.

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. वस्तीत अशा मुलाच्या आईवर ठपका ठेवला जाईल तेव्हा तो खोडून काढावा आणि तिला जिल्हा केंद्रापर्यंत सोबत करावी. आणि अंगणवाडी सेविकांच्या वेतनाच्या मागणीबरोबरच आणखी एक मागणी जोडावी : प्रत्येक प्रकल्पात या कामासाठी स्वतंत्र, पूर्ण प्रशिक्षित आणि पूर्ण पगारी कर्मचारी नेमावा, आणि गृहभेटीचे ते आठ तास त्याच्या कामाच्या वेळेत धरावेत.