सायकलीच्या चाकाचा तुंबा किती टिकेल?



बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागीं जो लांकडी तुंबा असतो, त्याकडे गाडीवानाखेरीज कोणाचेंहि लक्ष जात नाहीं. सायकलीच्या चाकांतील हबची स्थिति तीच आहे. सायकल घेणारा रंग पाहतो, बैठक पाहतो, घंटी वाजवून पाहतो. परंतु ज्या तुंब्याला चाकाच्या साऱ्या तारा येऊन मिळतात, तो कोणी हातीं धरून पाहत नाहीं. साध्या सायकलींत हें दुर्लक्ष बहुधा खपून जातें. स्थिर चक्राच्या सायकलींत तें खपत नाहीं. आणि हब लहान कारखानदाराचें असलें, तर तें पारखावें कसें, हेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

स्थिर चक्राची सायकल म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल. तिचें मागील दांतेरी चक्र हबवर पक्कें बसविलेलें असतें. चाक फिरलें कीं पॅडल फिरलेंच पाहिजे. स्वार पुढें जाण्यासाठीं पॅडल दाबतो, तसा वेग आवरण्यासाठीं तेंच पॅडल पायांनीं मागें रेटतो. म्हणजे हब हें येथें ब्रेकचेंहि काम करतें. साध्या हबच्या आट्यांना एकाच दिशेचा ताण सोसावा लागतो. ह्याच्या आट्यांना दोन्ही दिशांचा.

हा ताण केवढा असतो तें पाहूं. सत्तर किलो वजनाचा मनुष्य १६५ मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर सारा भार देऊन उभा राहिला, आणि पुढील चक्राला ४८ दांत असले, तर साखळीवर सुमारें १२० किलोंचा ताण येतो. तो शेवटीं कोण झेलतें? हबवर कापलेले बारीक आटे. चक्राचे आटे १.३७ इंच व्यासाचे, दर इंचास २४, आणि उजव्या हाताचे असतात; पॅडल पुढें दाबलें कीं चक्र अधिकच आवळतें. उलट रेटा बसला कीं तें सुटूं पाहतें. म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगास १.२९ इंच व्यासाचे डाव्या हाताचे आटे कापून त्यांवर लॉकरिंग नांवाची कडी बसवितात. चक्र सुटूं लागलें कीं तें त्या कडीलाहि फिरवूं पाहतें, आणि कडी उलट अधिक आवळते. युक्ति मोठी सुंदर आहे. मात्र तिचें सारें बळ आटे पुरे खोल असण्यावर आहे.

ह्याचा धडा मीं पुस्तकांतून घेतलेला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मीं एका लहान कारखानदाराचें हब घेतलें. आरशासारखी चकाकी, वजनाला हलकें. दोन महिन्यांनीं कात्रजचा घाट उतरत असतां मीं पॅडल मागें रेटलें, आणि पाय एकाएकीं रिकामे फिरले. पुढील चाकाला ब्रेक होता, म्हणून मी आज आपल्याशीं बोलत आहें. घरीं येऊन पाहतों, तों पोलादी चक्राच्या आट्यांत ॲल्युमिनियमची रुपेरी तार गुंडाळलेली! आमच्या पेठेंतील वृद्ध मिस्त्रींनीं ती तार चिमट्यानें उलगडली आणि ते म्हणाले, "साहेब, तुम्ही चकाकी विकत घेतलीत. आटे कोणीं पाहायचे?" आटे उथळ कापलेले होते, हा कारखानदाराचा दोष. परंतु दोन महिन्यांत लॉकरिंग एकदांहि पुन्हां आवळली नाहीं, हा माझा. सैल चक्र मागेंपुढें हलत राहिलें, कीं तें चांगले आटेहि हळूहळू खाऊन टाकतें.

मग नांवाजलेल्या कारखान्याचेंच हब घ्यावें काय? जपानांत १९४८ सालीं कोकुरा येथें केइरिन ह्या पैजेच्या सायकल-शर्यती सुरू झाल्या. तेथील स्वार स्थिर चक्राच्या, ब्रेक नसलेल्या सायकलींवर धांवतात. प्रेक्षकांचा पैसा आणि स्वारांचे हातपाय दोन्ही पणाला लागलेले; म्हणून सायकलीचे भाग तपासून मान्य करण्याची पद्धति तेथें रूढ झाली, आणि मान्य भागांवर एन्‌-जे-एस् हीं अक्षरें उमटूं लागलीं. अशी मोहोर असणें ही मोठी सोय होय. परंतु मोहोर नसणें हा दोष नव्हे. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें फिल वुड ह्यांचा कारखाना १९७१ सालीं सुरू झाला. तोहि प्रचंड नव्हता. पण धूळ-पाणी आंत न शिरूं देणाऱ्या सीलबंद बेअरिंगच्या हबांमुळें त्याचें नांव दूरवर पोंचलें. लहान कारखान्यांत चांगलें काम होतें. फक्त तें ओळखण्याचा भार आपल्यावर पडतो.

तें ओळखावें कसें? प्रथम दांतेरी चक्र हातानें आट्यांवर चढवून पहावें. तें शेवटपर्यंत एकसारख्या, किंचित् घट्ट गतीनें जावें. वाटेंत डगडगलें तर आटे उथळ समजावे. लॉकरिंगलाहि पुरेसे फेरे मिळाले पाहिजेत. कांहीं हबांवर डाव्या हाताचे आटे मुळींच नसतात. तेथें उजव्या हाताचीच दुसरी कडी बसवून काम भागवितात. उलट रेटा बसला कीं चक्र आणि कडी दोन्ही एकाच दिशेनें सुटतात. असें हब स्थिर चक्रासाठीं घेऊंच नये.

दुसरी गोष्ट तारांच्या भोंकांची. भोंक आणि कड ह्यांमध्यें धातु भरपूर असावा, आणि भोंकाच्या कडा धारदार नसाव्या. भेग पडते ती येथूनच. तारा एकमेकींना न छेदतां सरळ बाहेर ओढल्या, तर ही कड लवकर फाटते; म्हणून तशी बांधणी कारखानदाराला विचारल्यावांचून करूं नये.

तिसरी गोष्ट बेअरिंगची. जुन्या पद्धतीचीं हबें वाटी, कोन आणि छर्रे ह्यांचीं असतात. तीं वरचेवर उघडून वंगण द्यावें लागतें, परंतु नीट राखलीं तर फार टिकतात. सीलबंद बेअरिंग असेल तर त्याचा क्रमांक विचारावा. ६००० क्रमांकाचें बेअरिंग जगांत कोठेंहि घ्या, आंतील भोंक १० मिलिमीटर, बाहेरील व्यास २६, रुंदी ८. असा सर्वमान्य क्रमांक असला, तर कारखाना उद्यां बंद पडला तरी हब बंद पडत नाहीं. बेअरिंग आपल्या घरांत घट्ट बसलें आहे ना, हेंहि पहावें. तें घरांत फिरूं लागलें, तर बेअरिंग बदलूनहि उपयोग नाहीं, कारण घरच झिजलेलें असतें.

शेवटीं लोकांची साक्ष. ती कोणती मानावी? पहिल्या आठवड्यांत केलेली स्तुति ही चकाकीची स्तुति होय. एक पावसाळा चिखलांतून हब चालविलें, उघडून पाहिलें, आणि मग कोणी बरें म्हटलें, तर तें ऐकावें. कारखानदारालाहि पत्र लिहून विचारावें: धातु कोणता, बेअरिंग कोणतें, सुटा भाग मिळेल काय? जो मापें सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावयास कांहीं आधार तरी मिळतो. जो फक्त गुणगान सांगतो, त्यानेंहि न सांगतां उत्तर दिलेलें असतें.

आणि इतकें सारें पाहूनहि रस्त्यावर जातांना पुढील चाकाला ब्रेक असूं द्यावा. नवें चक्र बसविल्यावर एक चढ चढून यावें, म्हणजे चक्र पुरतें आवळतें. मग लॉकरिंग पुन्हां घट्ट करावी. त्याला पांच मिनिटें लागतात. तीं पांच मिनिटें मीं वांचविलीं, आणि घाटांत त्यांची किंमत मला कळली. आपणांस ती कळण्याची वेळ न येवो, इतकें म्हणून आपली रजा घेतों.