वैमानिक व्हावयाचे; पण कोणत्या शाळेतून?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, गुलमंडी येथे, शिक्षणसाहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



गुलमंडीवरील आपल्या मेळाव्यांत आजवर वैद्यकी, वकिली आणि अभियांत्रिकी यांविषयी पुष्कळ बोलणे झाले आहे. यंदा समितीपुढे आलेल्या अर्जांत एक अर्ज मात्र निराळा आहे. तो एका मुलीचा असून व्यावसायिक वैमानिकाच्या शिक्षणासाठी तिने साहाय्य मागितले आहे. तिच्या वडिलांचे दुकान सुपारी हनुमानापासून हाकेच्या अंतरावर आहे, यापरते तिच्याविषयी अधिक सांगणे उचित नव्हे.

अर्ज हाती पडताच समितीतील आम्हां वडीलधाऱ्यांस आनंद झाला, आणि लागलीच जीव धास्तावलाही. त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका कुटुंबाने मुलास एका उड्डाणशाळेत घातले. सातारा परिसरातील प्लॉट विकला, आईचे दागिने गहाण पडले, आणि आपल्या निधीतूनही बिनव्याजी रक्कम गेली. शाळेचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते. त्यावर पांढऱ्या सदऱ्यांतील हसरे तरुण होते. दीड वर्षात परवाना, असे आश्वासन होते. तीन वर्षांनी मुलगा परतला, तेव्हा त्याच्या लॉगबुकात एकशे दहा तास भरले होते. कधी विमान दुरुस्तीस गेलेले, कधी शिक्षक नोकरी सोडून गेलेला, कधी केवळ पाळीच आलेली नाही. पैसे मात्र सगळे आधीच भरलेले होते. आज तो मामाच्या दुकानी बसतो. विमानाचा आवाज आला तरी मान वर करीत नाही, असे त्याची आई सांगते.

दोष त्या शाळेचा होताच; पण आमचाही काही थोडा नव्हता. लुगड्याचा पदर उलटून पाहिल्याखेरीज खिशात हात न घालणारी आपण माणसे, पन्नास लाखांच्या घरातला व्यवहार एका चित्रावर करून बसलो! त्या शाळेच्या आवारात समितीतील एकानेही पाऊल टाकले नव्हते.

यास्तव यंदा आम्ही थोडा अभ्यास केला. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. वय किमान १८ वर्षे, लेखी परीक्षांत शेकडा ७० गुण, आणि एकूण २०० तासांचे उड्डाण. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे घेऊन उडावयाचे. त्याखेरीज दूर पल्ल्याचे, उपकरणांच्या आधाराचे आणि रात्रीचे उड्डाणही नेमून दिलेले आहे. शाळेची इमारत, गणवेश, पाहुण्यांची छायाचित्रे हे सर्व या २०० तासांपुढे गौण आहे. विद्यार्थ्यास महिन्याकाठी वीस तास मिळाले तर उड्डाण दहा महिन्यांत पुरे होते. आठच मिळाले तर पंचवीस महिने लागतात, आणि तेवढ्या काळाचे घरभाडे, जेवणखाण व कर्जाचे व्याज बापाच्या डोक्यावर चढते.

म्हणून शाळेच्या दारी गेल्यावर पहिला प्रश्न फीचा विचारू नये. मागील वर्षी येथे किती विद्यार्थी होते, आणि सर्वांचे मिळून किती तास उड्डाण झाले, हे विचारावे. हँगरमध्ये उभी असलेली विमाने मोजून समाधान मानू नये. आज सकाळी त्यांपैकी किती आकाशात गेली, ते मोजावे. शिक्षक किती आणि ते किती दिवस टिकतात, हे कार्यालयास विचारण्यापेक्षा बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या विद्यार्थ्यांस विचारावे. अशा ठिकाणी खरे लवकर कळते. धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत काय? नसतील तर रात्रीच्या उड्डाणासाठी मुलास कोठे नेणार, आणि तो खर्च कोणाचा?

हवेचाही विचार हवा. आरंभीचे उड्डाण डोळ्यांनी दिशा पाहून करावयाचे असते, त्यामुळे धुके आणि पाऊस यांनी दिवस वाया जातात. उत्तरेकडील शाळांना हिवाळ्यातील धुक्याचा, तर कोकणपट्टीस पावसाळ्याचा अडसर. बारामतीसारख्या पर्जन्यछायेतील गावी उड्डाणशाळा उभ्या राहिल्या, त्यांस हवामान अनुकूलच आहे. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूस स्थापन झाला. त्याचे उड्डाणशिक्षण आता धुळ्यास चालते, म्हणजे कन्नडचा घाट उतरून आपल्यास एका दिवसात जाऊन येता येईल. गोंदियाजवळ बिरसी येथेही शाळा आहे, आणि शिरपुरासही. परप्रांती जावयाचे झाल्यास अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंजची केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी सर्वश्रुतच आहे. परदेशी शिकलेल्यास येथे परतल्यावर परवान्याचे रूपांतर करून घ्यावे लागते, त्यासाठी पुन्हा परीक्षा असतात, हे तिकडचे दलाल हळू आवाजात सांगतात.

२०२५ पासून डीजीसीए या शाळांची श्रेणीवार यादी प्रसिद्ध करू लागली आहे, ही मोठी सोय झाली. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे माहितीपत्रकातील विशेषणांचे वजन आपोआप कळेल. यादी अवश्य पाहावी. परंतु यादी पाहून घरी बसू नये.

आणि या सर्वांच्या आधी वैद्यकीय तपासणी! डीजीसीएची द्वितीय व त्यापुढील प्रथम वर्गाची तपासणी उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणत्याही शाळेस एक रुपयाही देऊ नये. डोळ्यांचा वा कानांचा एखादा दोष आधी कळला तर केवळ मन मोडते. फी भरल्यावर कळला तर घर मोडते. फीदेखील उडालेल्या तासांच्या प्रमाणात, हप्त्यांनी द्यावी, आणि मध्येच सोडावे लागल्यास परत काय मिळेल ते लेखी घ्यावे. परवान्यानंतर मोठ्या विमानासाठी टाइप रेटिंग नावाचे शिक्षण निराळे, त्याचेही बरेच लाख निराळे. ते अंदाजपत्रकात धरलेले नसते.

नोकरीची हमी कोणी देऊ लागल्यास सावध राहावे. २०२३ साली इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदविली, हे आकडे शाळावाले तोंडपाठ म्हणतात. परंतु २०१९ च्या एप्रिलात जेट एअरवेज बंद पडली आणि २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली, हे ते म्हणत नाहीत. ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनी आपल्याच शहरातील, १९७७ पासून चालत आलेल्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेकडे मुलांस पाठवून वायुदलाची वाट धरावी. तेथे बुद्धी आणि श्रम हीच फी.

मुलीच्या जातीस हे झेपेल काय, असा प्रश्न समितीतच एकाने काढला. आपले शहर निजामाच्या राज्यात होते त्या काळी, १९४७ साली, हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने प्रेम माथुर यांस वैमानिक म्हणून घेतले. इतर कंपन्यांनी त्यांस स्त्री म्हणून नाकारले होते. १९८५ साली कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या, केवळ स्त्रियांनी चालविलेल्या विमानाच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. प्रश्न विचारणाऱ्या सद्गृहस्थांनी त्यानंतर पान लावावयास घेतले.

एक गोष्ट या शहरात बोलणे जड जाते. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकास लागले, आणि ५५ माणसे गेली. विमानाचे नाक उचलण्यास झालेला उशीर आणि रस्त्यावरील वाहतूक न रोखणे, ही दोन्ही कारणे चौकशीत पुढे आली. मृतांविषयी आम्ही नम्रपणेच बोलतो. परंतु नाक केव्हा व कसे उचलावे, हा हात पहिल्या शंभर-दोनशे तासांतच बसत असतो. जेथे तास भरल्याची नुसती नोंद होते, अशा शाळेतून बाहेर पडलेल्याच्या हाती पुढे शेदीडशे जीव असतात. तेथे फीची सवलत कितीही असो, आपल्या निधीचा पैसा जाता कामा नये.

या मुलीच्या अर्जावर समितीने अद्याप होकार वा नकार दिलेला नाही. तिची वैद्यकीय तपासणी झाली की समितीतील दोघे तिच्या वडिलांसह तीन शाळा पाहून येतील. प्रवासखर्च निधीतून होईल. प्रथम धुळे. सकाळी सहाच्या आत पोहोचावयाचे ठरले आहे, कारण पहिले विमान किती वाजता उडते ते आम्हांस घड्याळ लावून पाहावयाचे आहे.