सगळंच ‘माउंटन’ नसतं आणि सगळीच ‘व्हॅली’ नसते

हेडफोन लावलेत ना? आज इंग्रजी शब्दांबद्दल बोलायचंय. पण ऑफिसातल्या नाही, डोंगर, दऱ्या आणि पाण्याच्या. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही टीममधले सहा जण जुन्नरकडच्या एका आडवाटेच्या किल्ल्यावर गेलो होतो. त्यातला एक मित्र चेन्नईचा. त्याला मराठी येत नाही, त्यामुळे आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. उतरताना तो फोटो काढत मागे राहिला. मी फोन करून सांगितलं, ‘सरळ ये, डावीकडे व्हॅली लागेल, तिच्यातून खाली उतर.’

मला म्हणायचं होतं नाळ. दोन कड्यांच्या मधली, दगडधोंड्यांनी भरलेली, अरुंद आणि उभी वाट. त्याला ती फट दिसलीसुद्धा. पण व्हॅली म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे रुंद, हिरवी, तळाशी नदी असलेली दरी. म्हणून तो पुढे गेला. धारेवरून चालत चालत थेट कड्याच्या टोकापर्यंत. तिथून खाली खरंच मोठी व्हॅली दिसत होती. उतरायला वाट मात्र नव्हती. अंधार पडला, फोनची बॅटरी संपली. आम्ही दोघं टॉर्च घेऊन परत चढलो आणि दोन तासांनी तो सापडला. थंडीने कुडकुडत होता, बाकी ठीक. एवढंच म्हणाला, ‘तू गली म्हणाला असतास तर मी तिथूनच उतरलो असतो.’

ते वाक्य मला लागलं. बीटेक इंग्रजीत केलं, दिवसभर कोड रिव्ह्यू इंग्रजीत करतो, आणि डोंगरासाठी माझ्याकडे शब्द दोनच. वर असेल ते माउंटन, खाली असेल ते व्हॅली. गंमत बघा, मराठीत मला नाळ, खिंड, धार, सोंड, सुळका सगळं येत होतं. डोंगर ओळखीचाच होता. फक्त त्याची इंग्रजी नावं कधी शिकलो नव्हतो.

मग मी शब्दांच्या याद्या पाठ केल्या नाहीत. पायाखालून गेलेली एकेक जागा घेतली आणि तिला इंग्रजी नाव जोडलं. आज तेच करूया.

आधी त्या नाळेचा हिशोब चुकता करतो. नाळ म्हणजे गली. क्रिकेटमध्ये स्लिप आणि पॉइंटच्या मधल्या जागेला गली म्हणतात, तोच शब्द. दोन बाजूंमध्ये सापडलेली चिंचोळी जागा. एवढं लक्षात ठेवलं की विसरणार नाही.

आता वर चढू. डोंगराची लांब धार म्हणजे रिज. धारेपासून फुटून खाली उतरत गेलेली सोंड म्हणजे स्पर. घोडेस्वाराच्या बुटाच्या टाचेला जो काटा असतो, तोही स्पर. आपल्याला तिथे हत्ती दिसला, त्यांना घोडेस्वार. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवा, तो क्लिफ. सुळका म्हणजे पिनॅकल. पठार म्हणजे प्लॅटो, आणि पाचगणीच्या पठाराला तर आपण टेबललँडच म्हणतो. दोन शिखरांच्या मधला खोलगट भाग म्हणजे सॅडल, घोड्याचं खोगीर. तिथून डोंगर ओलांडून पलीकडे जाता येत असेल, तर ती खिंड, म्हणजे पास. आणि कोकणातून सह्याद्रीकडे पाहिलं की जी लांबच लांब भिंत दिसते, तिला एस्कार्पमेंट म्हणतात.

‘घाट’ची गोष्ट वेगळी. तो शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच उचलला. पण आपण घाट म्हणतो ती वाट. माळशेज घाट, वरंधा घाट. इंग्रजीत मात्र अख्खी रांगच वेस्टर्न घाट्स झाली, आणि 2012 साली याच नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यामुळे परदेशातल्या सहकाऱ्याला ‘काल घाटातून गाडी चालवली’ हे सांगायचं असेल, तर माउंटन पास म्हणा.

उलटा प्रवास केलेला शब्दही आहे. आपल्या काळ्या कातळाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. मला वाटायचं ट्रॅप म्हणजे सापळा. नाही. तो जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पुढच्या वेळी एसटीच्या खिडकीतून नीट बघा.

आता पाणी. इथे एक खरा सापळा आहे. ठाण्याची खाडी म्हणजे ठाणे क्रीक. पण अमेरिकेतला माणूस क्रीक म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याच्या मनात साधा ओढा असतो. नदी समुद्राला मिळते आणि गोडं-खारं पाणी एकमेकांत मिसळतं, तो भाग एस्च्युअरी. आणि निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, त्यांना इंग्रजीत काय म्हणतात? पॉटहोल! हो, तोच, रस्त्यावरचा.

एक सोपी युक्तीही सांगतो. दोन्ही भाषांनी जमिनीत शरीर पाहिलंय. आपण डोंगराचा पायथा म्हणतो, ते फूट म्हणतात. आपलं नदीचं मुख, त्यांचं माउथ. जमिनीचं टोक समुद्रात घुसलं की आपलं भूशिर, त्यांचं हेडलँड. असे शब्द पाठ करावेच लागत नाहीत.

आता तुमचं काम. आपल्या गावाचा किंवा आवडत्या ट्रेकचा रस्ता एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये इंग्रजीत सांगा. माउंटन आणि व्हॅली हे दोन शब्द वापरायचे नाहीत. ती नोट अशा मित्राला पाठवा ज्याने ती जागा पाहिलेली नाही, आणि त्याला ऐकून कागदावर चित्र काढायला सांगा. चित्र चुकलं तर त्याला हसू नका. आपला कुठला शब्द चुकला ते शोधा.

तो चेन्नईचा मित्र अजून आमच्यासोबत ट्रेकला येतो. फक्त मी वाट सांगायला लागलो की मध्येच थांबवतो आणि चक्क मराठी शब्द वापरून विचारतो, ‘नाळ ऑर व्हॅली?’

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत फिरत राहा, आणि वाट सांगताना नीट सांगा!