रक्ताची साक्ष



सोमाटण्याच्या वाटेवरचे धट्टेकट्टे कुत्रे पाहून आपण म्हणतो, याला कसला आलाय रोग? पण रक्ताला विचारावे, तर उत्तर निराळे मिळते. सोलापूरकडे माळढोक अभयारण्याच्या परिसरात संशोधकांनी २१९ मोकाट कुत्री आणि ३३ खोकडे तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : डिस्टेंपरच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे कुत्र्यांत शेकडा ७२ हून अधिक, खोकडांत शेकडा १८.

प्रतिपिंड म्हणजे आजार नव्हे. शरीराने त्या विषाणूशी पूर्वी दिलेल्या झुंजीची ती खूण. लशीनेही ती उमटते. मग खोकडे सुखी म्हणायची काय? नव्हे! ही साक्ष जगलेल्यांचीच असते. मेलेला जीव रक्त द्यायला येत नाही. संसर्ग चालू असल्याची खूण ज्या खोकडांत सापडली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते.

आपल्या मावळातही कुत्रा गुरांमागून डोंगरात जातो, आणि डोंगर कोल्ह्याचाही आहे. म्हणून पिलाला सहाव्या-आठव्या आठवड्यापासून लस टोचा. आईकडून आलेली प्रतिपिंडे पहिली लस वाया घालवू शकतात. तेव्हा सोळाव्या आठवड्यापर्यंतच्या साऱ्या मात्रा पुऱ्या करा. त्यात दारचा कुत्रा वाचेल.