मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लोहाचा जमाखर्च



मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोनतीन वेळा यंत्राच्या साहाय्याने शुद्ध करावे लागते. या क्रियेला अपोहन किंवा डायलिसिस असे म्हणतात. रक्तातील विषारी द्रव्ये आणि जादा पाणी यंत्र काढून टाकते. परंतु मूत्रपिंडाचे आणखी एक कार्य त्याला साधत नाही. तांबड्या पेशी निर्माण करण्याचा आदेश अस्थिमज्जेला देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते. हा आदेश क्षीण झाला की रुग्णाला रक्तक्षय जडतो, आणि चार पायऱ्या चढतानाही त्याला धाप लागते.

पूर्वी यावर रक्त भरणे हाच मुख्य उपाय होता. त्यातून काविळीचा संसर्ग होई, यकृतात लोह साचे आणि शरीरात निर्माण झालेल्या प्रतिपिंडांमुळे पुढे मूत्रपिंडाचे आरोपण अवघड होऊन बसे. १९७७ साली यूजीन गोल्डवासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मूत्रातून हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

परंतु आदेश मिळाला तरी कच्चा माल नसेल तर कारखाना चालावा कसा? निरोगी प्रौढाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. अन्नातून दररोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि साधारण तेवढेच खर्ची पडते. अपोहनाच्या रुग्णाचा जमाखर्च मात्र असा जुळत नाही. यंत्राच्या नळ्यांत राहून जाणारे रक्त आणि वरचेवर होणाऱ्या तपासण्या यांपायी त्याचे वर्षाकाठी १ ते ३ ग्रॅम लोह नाहीसे होते.

मग गोळ्यांनी ही तूट भरून का निघत नाही? याचे उत्तर या शतकाच्या आरंभी हेप्सिडिन या संप्रेरकाचा शोध लागल्यावर स्पष्ट झाले. यकृतात तयार होणारे हे द्रव्य आतड्यातून रक्तात येणाऱ्या लोहाची वाट अडवते, आणि साठ्यातील लोहही बाहेर पडू देत नाही. या रुग्णांत दाहामुळे ते वाढते व मूत्रावाटे बाहेरही पडत नाही. कोठारात धान्य असावे आणि घरात उपासमार व्हावी, तशी ही अवस्था होय. म्हणूनच आतड्याचा मार्ग टाळून लोह थेट शिरेतून देतात.

आरंभीच्या लोह-डेक्स्ट्रान या औषधाने काही रुग्णांना प्राणघातक प्रतिक्रिया येत. नंतर प्रचारात आलेल्या लोह-सुक्रोजसारख्या संयुगांनी हा धोका पुष्कळच कमी झाला. तरीही एक शंका उरली. जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. तेव्हा सढळ हाताने दिलेले लोह संसर्गाला निमंत्रण तर ठरणार नाही?

या शंकेची कसोटी ब्रिटनमध्ये ‘पिव्होटल’ नावाच्या चाचणीत लागली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तीत २१४१ रुग्ण होते. एका गटाला साठा ठरावीक मर्यादेपलीकडे जाईपर्यंत दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह दिले गेले. दुसऱ्याला तूट दिसल्यावरच मिळाले. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अथवा हृदय दुर्बल होऊन रुग्णालयात दाखल होणे, यांपैकी काही ना काही पहिल्या गटात २९.३ टक्के, तर दुसऱ्यात ३२.३ टक्के रुग्णांच्या वाट्याला आले. पहिल्या गटाला संप्रेरकही कमी लागले, आणि संसर्गाचे प्रमाण वाढले नाही.

याचा अर्थ हवे तितके लोह द्यावे असा नव्हे. त्या चाचणीतही फेरिटिन ७०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की लोह थांबवले जाई. गंभीर संसर्ग चालू असताना ते देणे टाळतात. संप्रेरकाच्या जोरावर हीमोग्लोबिन निरोगी माणसाइतके चढवण्याचा अट्टाहासही हिताचा नसतो, हे २००६ आणि २००९ सालच्या चाचण्यांनी दाखवून दिले आहे.

भारतात २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही यंत्रे पोहोचू लागली. यंत्रामुळे रुग्णाचे प्राण वाचतात. पण त्याच्या अंगी कामाधामाचे बळ राहावे, यासाठी वेळोवेळी त्याच्या रक्तातील लोहाचा हिशेब पाहणे तितकेच अगत्याचे आहे.