वस्त्राचा मान आणि वस्त्राचे मोल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कपड्यांच्या हौसेवर टीका करण्याची आपल्या चळवळीत जुनी परंपरा आहे. साधेपणाचा उपदेश आपण ऐकला, पुष्कळांनी तो आचरलाही. परंतु टीका भलत्याच माणसावर पडली, तर तिचा निव्वळ सोवळेपणा होतो. म्हणून आज या टीकेचीच थोडी तपासणी करू.

वस्त्र ही आपल्या समाजात केवळ अंग झाकण्याची वस्तू कधीच नव्हती. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना ऊर्ध्वांग झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. १८५९ च्या जाहीरनाम्याने तो हक्क दिला, पण सवर्ण स्त्रियांच्या पद्धतीने वस्त्र घेण्याची मनाई कायम ठेवून! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याच्या ज्या रीतीवरून व ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते, ती रीत व ते दागिने टाकून द्या. १९२१ मध्ये मदुराईला गांधीजींनी पंचा स्वीकारला. बाबासाहेबांनी सूट घातला. ज्याला वस्त्र सहज लाभत होते त्याने ते सोडले, आणि ज्याच्या समाजाला ते नाकारले गेले होते त्याने ते धारण केले. या दोन कृतींत मला विरोध दिसत नाही. म्हणूनच वस्तीतील एखादी मुलगी सणाला नवा झगमगीत पोशाख घेते, तेव्हा तिला चंगळवादी म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

मग टीका कोणावर करावयाची? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर असे, की ती वस्त्राच्या किमतीच्या विभागणीवर करावी.

मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार १८ जानेवारी १९८२ पासून संपावर गेले, तेव्हा कापड विणणे थांबले नाही. ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले. तेथे बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि संघटना नावापुरती. कापड तेच राहिले. कामगाराचे हक्क मात्र वाटेत गळाले.

हीच रीत पुढे जगभर पसरली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तळाकडच्या बँकेने आपले नोकर घरी ठेवले. वरच्या शिवणकारखान्यांतील कामगारांना मात्र कामावर चढवण्यात आले. तेथील काही कारखान्यांची 'सामाजिक तपासणी' आधीच झालेली होती, हे विशेष! ऑर्डर कोणत्याही देशात हलवू शकणारा खरेदीदार दर पाडतो, कारखानदार मुदत गाठण्यासाठी धावतो, आणि जोखीम शेवटी शिवणाऱ्या हातांवर येऊन थांबते.

या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये कामगार महासंघ व खरेदीदार कंपन्या यांच्यात सुरक्षिततेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, स्वतंत्र तपासणीचे अहवाल प्रसिद्ध होत, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याचे काम जात असे. त्यामुळे असंख्य इमारतींत खरोखर दुरुस्त्या झाल्या. कंपन्यांच्या स्वेच्छेच्या आचारसंहितांना जे साधले नव्हते, ते संघटनेच्या सहीने साधले. वेतनाचा प्रश्न मात्र त्या कराराबाहेरच राहिला.

तेव्हा कपाटातले कपडे मोजून आपली जबाबदारी संपत नाही. कमी घ्यावे, टिकाऊ घ्यावे, हे योग्यच. पण आपल्या कमी खरेदीने यंत्रमागावरची मजुरी वाढत नाही. ती वाढेल मीटरच्या दराची मागणी संघटितपणे मांडल्याने, आणि खरेदीदारालाही त्या मजुरीस कायद्याने बांधून घेतल्याने. आपल्या जिल्ह्यातील यंत्रमाग व शिलाईच्या कारखान्यांत आज काय दर मिळतो, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? ती माहिती जमवण्यापासून कामाला आरंभ करावा, एवढीच माझी विनंती आहे.