तपासायला आलेल्या बाईंना काय सांगाल?

परीक्षा फक्त आपल्या मुलांचीच होते असं नाही. दवाखान्यांचीही होते आणि त्यांनाही गुण मिळतात. आज त्याबद्दल बोलू या.

खाजगी रुग्णालयाच्या पाटीवर कधी कधी 'एनएबीएच' अशी अक्षरं असतात. ते मानांकन ऐच्छिक आहे, रुग्णालयानं स्वतः अर्ज करून घ्यायचं. त्यामुळे अक्षरं नाहीत म्हणजे दवाखाना वाईट, असं समजू नका.

पण आमच्या गटातल्या बहुतेकींची बाळंतपणं सरकारी दवाखान्यात झाली, म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं 'लक्ष्य' हा उपक्रम सुरू केला. त्यात प्रसूतिकक्ष आणि सिझेरियनची खोली तपासतात. मुद्द्यांची भलीमोठी यादी असते. गोष्ट पूर्ण असली तर २ गुण, अर्धवट असली तर १, नसली तर शून्य. ७० टक्क्यांपासून पुढे रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम असे दर्जे आहेत. प्रमाणपत्र कायमचं नसतं, तेव्हा भिंतीवर टांगलेलं दिसलं तर त्यावरची तारीखही वाचा.

आता आपल्या कामाचं. तपासणारे नुसती रजिस्टरं चाळत नाहीत. ते डोळ्यांनी बघतात, सिस्टरांना विचारतात आणि खाटेवरच्या बाळंतिणीलाही विचारतात. कळा येत असताना सोबत आपलं माणूस थांबू दिलं का? पडदा होता का? कुणी ओरडलं, हात उगारला का? पैसे मागितले का? सोबतीण असणं आणि आडोसा असणं हे त्या यादीतलेच मुद्दे आहेत, कुणाची मेहरबानी नाही.

आणि आपण काय म्हणतो? "सगळं चांगलं आहे हो बाई." कारण सिस्टर तिथंच उभ्या असतात, आणि बाळाच्या डोसाला परत त्यांच्याकडेच जायचं असतं. ही भीती खोटी नाही. पण तेवढ्या एका वाक्यानं, नसलेल्या पडद्यालाही गुण मिळू शकतात! म्हणून तपासणाऱ्या बाईंना सांगा, "जरा एकटीशी बोला." मग झालं ते सांगा. चांगलं झालं असेल तर तेही आवर्जून सांगा. रात्रभर उभ्या राहणाऱ्या सिस्टरांनाही त्याचे गुण मिळायला हवेत.

पुढच्या मंगळवारी, सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला काय काय मोफत मिळतं ते सांगू. कागद-पेन घेऊन बसा.